काढून ठेवलेली वायर

बाबांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ बेळगावला परत गेला आणि घरात आई आणि मी अशा दोघीच उरलो. मी महिनाभर राहणार असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते मला आठवत नाही. दहाव्याच्या पंगती उठल्यावर भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "ही ऱ्हाईल की, हिचं काम घरातनंच असतंय," आणि मी मान हलवली, एवढंच आठवतं.

माझं काम टाईप करायचं. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याच्याबद्दल जे बोलून ठेवतात, ते ऐकायचं आणि जसंच्या तसं लिहून पाठवायचं. बेळगावात भाड्याच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, मी कित्येक वर्षं तेच करत आलेय. कंपनीनं दिलेली सुट्टी संपायला चार दिवस उरले होते. सुट्टी वाढवून मागता आली असती. मागितली नाही. काम सुरू झालेलं बरं, असं वाटत होतं. म्हणजे वाटतही नव्हतं काही. पुढचं पाऊल तेच होतं, एवढंच.

आमची वाडी रामनगरपासून बरीच आत, जंगलाला लागून. मोबाईलला रेंज मिळते ती घरामागच्या टेकावर, काजूच्या झाडांपाशी. घरात मात्र वायरचा जुना फोन होता आणि त्याच वायरीवर इंटरनेट. लॉकडाऊनच्या वर्षी भावाची मुलगी इथं राहिली होती, तिच्या शाळेसाठी बाबांनी ते घेतलं. पुढं ती गेली आणि ते तसंच राहिलं. मोडेम म्हणजे एक काळा डबा. त्याला वायफाय नव्हतं. त्यातून एक वायर निघायची, ती मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जायची. पण मधल्या खोलीत आता माणसं भेटायला येऊन बसत. मला आतल्या खोलीत बसून काम करायचं होतं, लॅपटॉपवर आणि मोबाईलवर दोन्हीकडं. म्हणून माझ्या खोलीवरचा राऊटर मी भावाला तेराव्याला येताना आणायला सांगितला होता. त्यानं तो हारांच्या पिशवीतच घालून आणला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या अँटेनाला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. त्या मी एकेक करून काढल्या.

मोडेममधली वायर राऊटरला लावली, राऊटर चालू केला. हिरवे दिवे लागले. लॅपटॉपला वायफाय दिसलं, जोडलंही गेलं, पण इंटरनेट काही येईना. मी टेकावर गेले. काजूच्या बुंध्याला टेकून मोबाईलवर वाचलं. दोन्ही डब्यांचा आतला पत्ता एकच असला की गोंधळ होतो, असं लिहिलं होतं. मोडेमला नुसता पुलासारखा ठेवायचा, त्यानं लाईन आत घ्यायची आणि पुढं द्यायची, बाकीचं सगळं राऊटरनं बघायचं. हे करायच्या पायऱ्या मी लिहून घेतल्या. लिहायला घरातून निघताना जे हाताला लागलं ते आणलं होतं. तेराव्याच्या उरलेल्या पत्रिका होत्या त्या. मागची बाजू कोरी होती.

घरी येऊन मोडेमचं पान उघडलं तर ते पासवर्ड मागायला लागलं. नेहमीचे दोन-तीन घालून बघितले. लागले नाहीत. मग पुन्हा टेकावर. डब्याच्या मागं बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दाबून धरायची, की डबा नव्यासारखा होतो, असं कळलं. तसं केलं. दिवे विझले, परत लागले. पासवर्ड लागला, पण आतलं सगळं पुसलं गेलं होतं. लाईन कुठल्या नावानं उघडायची, कुठल्या आकड्यांवर चालवायची, काहीच राहिलं नव्हतं. त्यात लाईनचा दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकत असेल तर मधली डबी काढून वायर थेट मोडेमला लावून बघा, असं मी लिहून आणलेल्या पायऱ्यांत होतं. भिंतीजवळ एक छोटी पांढरी डबी होती, एकीकडून लाईन आत येते आणि दुसरीकडून दोन फाटे निघतात, एक फोनला आणि एक मोडेमला. ती काढली. थोड्या वेळानं दिवा स्थिर झाला. मग डबी परत बसवली तरी स्थिर राहिला. मोडेमची वायर तिच्यात लावली. फोनची तेवढी लावायची राहिली.

त्या दिवशी खरंच विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना फोनच्या टेबलाखाली ती वायर लोंबताना दिसली. मी झाडू धरून उभी राहिले. फोन पंधरा दिवस दिवसभर वाजत होता. खानापूरकडचे, बेळगावचे, रामनगरच्या बाजारातले बाबांच्या ओळखीचे. प्रत्येक वेळी आई उठायची, पदर सावरायची, फोन उचलायची, आणि पहिल्यापासून सगळं सांगायची.

"सकाळचं खळ्यात गेल्ते. मळणी चालली व्हती. पाणी आण म्हणाले. तांब्या घिऊन जाईस्तोवर पेंढ्यावर टेकून बसलेले. हाक मारली तर बघिनात. जीप आणली शेजारच्यांची. रामनगरला पोचायच्या आतच..."

रोज वीसेक वेळा. तेच शब्द, त्याच क्रमानं. पहिल्या दिवशी ती सांगताना रडायची. नंतर रडणं गेलं आणि नुसते शब्द राहिले. तिचा आवाज शेवटी शेवटी बातम्या सांगणाऱ्यासारखा झाला होता. मी आतल्या खोलीत असले तरी ते ऐकू यायचं. तांब्यापर्यंत आलं की आता पुढं काय, ते माझ्या तोंडात तयार असायचं.

वायर लावायला वाकायचं होतं फक्त. मी टेबलाखालचा केर काढला, वायर झाडूनं थोडी बाजूला सारली, आणि पुढच्या खोलीत गेले.

त्या दिवशी फोन वाजला नाही. आईनं काही विचारलं नाही. दुपारी ती जेवून आडवी झाली आणि चांगली दोन तास झोपली. बाबा गेल्यापासून दिवसा ती झोपलेली मी बघितली नव्हती. मी टेकावर जाऊन टेलिफोनच्या लाईनमनला मोबाईल लावला. आमच्या भागाकडं तेच बघतात, वर्षानुवर्षं. त्यांना मी काका म्हणते. ते कानडी माणूस, पण मराठी आमच्यासारखंच बोलतात.

"नंदिगड्ड्याकडं केबल तुटलीय," ते म्हणाले. "उद्या दुपारनं येतो. तेराव्याला यायला झालं न्हाई मला. काकीला सांगा."

मी सांगितलं नाही. तेही राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला मी ओसरीवर बसून पत्रिकेमागं लिहिलेलं परत वाचत होते, तेव्हा अंगणात मावशी आली. आईची थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढं, राहते खानापूरजवळच्या गावात. खांद्याला पिशवी, पाय धुळीनं भरलेले. रामनगरला बसमधून उतरून एका ट्रॅक्टरवर बसून निम्म्या वाटेपर्यंत आली होती आणि पुढचं चालत. तेराव्याला तिला ताप होता म्हणून ती येऊ शकली नव्हती. त्याऐवजी रोज सकाळी न चुकता फोन करायची.

ती पायरीवर थांबली. माझ्याकडं बघितलं. "कुठं हाय?"

"कोण?"

"तुझी आई कुठं हाय?"

"आत आहे. भाजी निवडतेय."

मावशी तिथंच पायरीवर बसली. पिशवी खाली ठेवली. थोडा वेळ नुसती श्वास घेत होती. मग म्हणाली, "दोन दिस फोन लागंना. वाजतोय वाजतोय, कोण उचलंना. म्हटलं, हिचंबी काय तरी झालं."

वायर काढलेली असली तरी पलीकडच्याला घंटी ऐकू येते, हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरात शांतता होती आणि तिच्या कानात दोन दिवस घंटी वाजत होती.

"इंटरनेटचं काम चाललंय," मी म्हणाले. "मोडेममुळं झालं असेल."

"असंल," ती म्हणाली.

मी तिला पाणी आणून दिलं. तेवढ्यात आई बाहेर आली. हातात मेथीची जुडी होती. दाराच्या चौकटीतच ती थांबली आणि म्हणाली, "अक्का." बस, तेवढंच. मावशी उठली, पायऱ्या चढली, आणि दोघी चौकटीतच एकमेकींना धरून रडायला लागल्या. आई मोठ्यानं रडत होती. फोनवर सांगताना रडायची तसं नाही. शब्द नव्हते त्यात. मेथीची पानं मावशीच्या पाठीवरून खाली पडत होती.

मी ओसरीवर उभी होते. दोघींच्या जवळ जावं असं डोक्यात आलं. मी खाली बसून पानं गोळा केली. माती लागलेली वेगळी केली, चांगली सुपात ठेवली. हे सगळं मी बघत होते, पण काचेच्या पलीकडून बघावं तसं. डोळे कोरडे होते. आपल्यामुळं एक म्हातारी बाई तापातून उठून एवढ्या लांब आली, हा विचार आला आणि आला तसा गेला. त्याला धरून ठेवायला आत काही नव्हतं.

दुपारी तीन वाजता लाईनमनकाका मोटरसायकलवर आले. आधी आईच्या समोर बसले. फार बोलले नाहीत. "चांगला माणूस, काकी," म्हणाले, आणि मग माझ्याकडं वळले. "दाखवा काय झालंय."

मी त्यांना मोडेम दाखवला, राऊटर दाखवला, टाचणीचं सांगितलं. ते हसले नाहीत. टेबलाजवळ वाकले, पांढरी डबी हातात घेतली, आणि मग टेबलाखाली लोंबणारी वायर त्यांना दिसली. तिचं टोक त्यांनी उजेडात धरून बघितलं. शर्टाच्या टोकानं पुसलं. डबीत बसवलं. टक असा आवाज झाला. फोन उचलून कानाला लावला, ऐकलं, खाली ठेवला.

"टोन हाय," ते म्हणाले. माझ्याकडं एकदा बघितलं. "कधी कधी निघत्यात वायरी."

"हो," मी म्हणाले.

मग खिशातून एक वही काढली. गुंडाळून गुंडाळून तिचा पाईप झाला होता. तिच्यात त्यांच्या भागातल्या सगळ्या लाईनींची माहिती होती. आमचं पान शोधून त्यांनी लाईनचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. मी टाईप केलं.

"पासवर्ड?"

"तो सुरुवातीला आम्ही घालून देतो तोच असंल. सगळ्यांचा तोच. बाबांनी बदलला न्हाई."

तोच होता.

"आणि ते दोन आकडे?" मी विचारलं. माझ्या पायऱ्यांत त्या ठिकाणी रिकामी जागा होती.

"शून्य आणि पस्तीस," ते वहीत न बघता म्हणाले. "मोडेमला घाला. आणि पुलावर ठेवा त्याला. नाव-पासवर्ड राऊटरला द्या. राऊटरचा पत्ता बदला आधी, न्हाईतर दोघं भांडत्यात."

मी करत होते आणि ते बाजूला स्टुलावर बसून होते. मावशीनं चहा आणून दिला. चहा पिता पिता ते म्हणाले, "ही लाईन अजून चालतीय, त्याचं कारण ठाऊक हाय काय ताई तुम्हाला?"

"नाही."

"ओढ्यापासनं हितपर्यंत सगळं रान. फांद्या वाढत्यात, वायरवर पडत्यात. आमच्या खात्यात आता माणसं न्हाईत. मी एकटा कुठं कुठं बघू? तुमचे बाबा वर्षातनं दोनदा कोयता घिऊन चालत जायचे. ओढ्यापर्यंत. सगळ्या फांद्या तोडून यायचे. मला फोन करून सांगायचे, झालं तुझं काम म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. आठवड्यातून एकदा मी बेळगावहून फोन करायचे. जेवलात का, पाऊस आहे का, भात कसं आहे, इतकंच बोलणं. बाबा आईकडं फोन द्यायचे. आपण ज्या वायरीवर बोलतोय ती अशी राखलेली आहे, हे ते कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. विचारणार तरी काय होते.

"व्हय?" मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. चहाची कपबशी खाली ठेवली. "लाईन अजून त्यांच्याच नावावर हाय. ते बदलून घ्या सवडीनं. मरणाचा दाखला लागंल, आणि आधार. रामनगरला आलात की या ऑफिसात."

राऊटरचा तिसरा दिवा नारिंगी होता. मी सेव्ह करून पान बंद केलं आणि आम्ही दोघं त्या दिव्याकडं बघत बसलो. मिनिटभरानं तो हिरवा झाला. लॅपटॉपवर कंपनीचं पान उघडलं. लॉगिनचे दोन चौकोन दिसले, बेळगावात दिसायचे तसेच. आनंद व्हावा असं ते होतं. मी मान हलवली. काकांनी आपली वही परत गुंडाळली आणि ते उठले.

ते अंगणात मोटरसायकल चालू करत होते तेवढ्यात फोन वाजला. आई उठायला लागली. मावशीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि स्वतः जाऊन फोन घेतला. "मी तिची अक्का बोलाय लागलीय. व्हय. खळ्यात. व्हय, अचानकच. न्हाई, ती आता बोलणार न्हाई, निजलीय." आई समोर बसून ऐकत होती. त्या दिवसापासून फोन मावशीनंच घेतला. तिची गोष्ट आईच्या गोष्टीपेक्षा बरीच आखूड होती. तांब्या तिच्यात नव्हता.

दोन-तीन दिवसांनी, मावशी विहिरीवर गेली असताना, आई तांदूळ निवडत होती आणि मी तिच्याजवळ बसले होते. सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "ती वायर तू काढलीतीस न्हवं?"

मी तिच्याकडं बघितलं. "काढली नव्हती. राहिली होती. मग लावली नाही."

"मला दिसली व्हती," आई म्हणाली. "टेबलाखाली. केर काढलास त्याच दिवशी." तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "मीबी लावली न्हाई."

मीही सुपातला एक खडा उचलला. मावशीला दोघींनीही कधी सांगितलं नाही. ती तीन आठवडे राहिली. जाताना म्हणाली, मी आले ते बरंच झालं, फोन बिघडला म्हणून आले. आई म्हणाली, व्हय अक्का. मीही व्हय म्हणाले.

काम सुरू झालं तसं दिवसांना आकार आला. महिना संपला. कुणी काही बोललं नाही आणि मी राहिले. रामनगरच्या ऑफिसात जाऊन लाईन आईच्या नावावर केली. अर्जावर आईनं सही केली, कानडीत, कारण ती शाळा कानडीत शिकली. तिथल्या माणसानं दाखल्याची प्रत घेतली आणि पुढच्याला बोलावलं.

राऊटर आतल्या खोलीच्या खिडकीत आहे. आठ वाजता मी दार लोटून बसते. मावशी गेल्यावर आई एकदा आत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. हेडफोन मी एकाच कानाला लावते, दुसऱ्यातून आवाज बाहेर झिरपत असतो.

"कोण बोलाय लागलंय?" तिनं विचारलं.

"डॉक्टर."

"काय म्हणतोय?"

"एका बाईचा गुडघा दुखतोय. जिना चढवत नाही तिला."

"किती वयाची हाय?"

मी मागं नेऊन परत ऐकलं. "एकसष्ट."

"बरी होईल?"

तसं डॉक्टर सांगत नव्हता. एवढी वर्षं मी असल्या माणसांबद्दल टाईप करत आले आणि बरी होतील का हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. फाईल पाठवली की ती संपायची.

"होईल," मी म्हणाले.

आईनं मान हलवली आणि भात टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, तिसऱ्या दिवशीही. आता रोजच येते. कुणाचा खोकला, कुणाचं पडलेलं मूल, कुणाची कानातली शिट्टी. काल एका म्हाताऱ्याचं होतं. छातीत दुखून आणलेला, तपासेपर्यंत गेलेला. डॉक्टर सावकाश, सारख्या आवाजात बोलत होता, सगळं त्याच क्रमानं. आई पलंगावर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"ह्याला काय झालंय?"

"गुडघा," मी म्हणाले, आणि टाईप करत राहिले.